नीर म्हणजे नांगरट

आबा,

हा कागद तुम्हाला. बोलणार मी, लिहिणार सून. लिहिता न येणारी बाई वाचता न येणाऱ्या माणसाला पत्र लिहिते आहे आणि मधल्या मधे एका बी.ए. झालेल्या पोरीला कामाला लावलंय, तेव्हा हसायला तुम्हाला निदान एवढं तरी मिळालं. ती माझं 'न्हाय' ऐकते आणि 'नाही' लिहिते. मी 'हितं' म्हटलं की तिचं पेन 'इथं' करून मोकळं होतं. मी म्हटलं, असू दे, आबा वर गेल्यावर शिकले असतील, त्यांना शुद्ध कळेल. फक्त माणसं जे बोलली ते बोलली तसंच लिही, त्यावर इस्त्री फिरवू नकोस. तिनं मान डोलावली. आणखी एक ठरलंय आमच्यात. एक शब्द आहे, तो माझ्या तोंडून निघत नाही. तो आला की मी बोटानं फरशीवर टकटक करायचं आणि तिनं तो लिहायचा. तो शब्द म्हणजे तुमच्या पणतवाचं नाव.

नाव नीर. (हे टकटक करून.) पोरगं सव्वा वर्षाचं झालंय, धावतं, पडतं, पडल्यावर आधी इकडंतिकडं बघतं आणि कुणी बघणारं असलं तरच रडतं. नीर म्हटलं की मान गर्रकन वळवतं, मग हाक कुणाचीही असो. कुणाचीही म्हणजे मी सोडून. मी ढमाल्या म्हणते, गुलामा म्हणते, चोरा म्हणते. त्यालाही वळतो, कारण माझ्या हातात बहुतेक वेळा काहीतरी खायला असतं. पण परवा सकाळी ती तिघं आफ्रिकेला निघणार आहेत. लेकाला तिथं ठिबकच्या शेतीवर नोकरी लागली, चार वर्षांची. मग मी फोनच्या काचेत दिसणार, आणि काचेतून शेंगदाण्याचा लाडू देता येत नाही. सून म्हणाली, "आई, फोनवर त्याला सगळेच बाळ म्हणतील. तुम्ही एकदा तरी नावानं हाक मारा, म्हणजे तुमचा आवाज त्याच्या डोक्यात राहील." खरं आहे तिचं. मला तेवढंच करायचंय आणि तेवढंच जमत नाही. म्हणून तुमच्याकडं आले. तुम्ही माझं कधी काही सोडवलं होतं अशातला भाग नाही, पण तुम्हाला सांगितलं की एकटीला काही सुचत नसायचं ते दोघांना मिळून सुचत नसायचं, तेवढाच आधार.

बारशापासून सांगते. कोऱ्हाळ्यात, नीरेच्या कालव्याकाठी, आमच्या दारात मांडव, आत घुगऱ्यांचं पातेलं, पाळण्याला झेंडूच्या माळा. माझी लेक आत्या म्हणून पाळण्यावर वाकली, पोराच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, आणि बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. एक-दोघींनी जुना हिशेब असल्यासारखे घातले. मग सगळ्या म्हणाल्या, सांग की मोठ्यानं. तिनं सांगितलं. शेजारची म्हातारी, जिला ऐकू कमी येतं आणि बोलता जास्त येतं, ती म्हणाली, "नीरा? आगं, पोरगा हाय का नदी?"

"नीरा न्हाय वो मावशी, नीर!"

"मंग कालव्याला भाऊ झाला म्हना की!"

मांडव हसला. दवाखान्यातल्या बाईनंसुद्धा लसीच्या कार्डावर नीराच लिहून ठेवलं होतं, पुढं मुलगी म्हणून खूण. तेही कुणीतरी आणून दाखवलं, पुन्हा हसू. एकजण म्हणाली, "नीर म्हंजे पाणी. चांगलं हाय, ऊस बरा यील." माझ्या हातात पाळण्याची दोरी होती. ती मी सोडली आणि आत जाऊन घुगऱ्यांच्या पातेल्याजवळ बसले. लेक मागोमाग आला. "आई, ऐकून तर घे." मी म्हटलं, "ऐकलं. माज्या बापाचं रान ज्यानं गिळलं, त्येचं नाव माज्या नातवाला? उद्या पोरगी झाली तर तिचं धरण ठेव." तो म्हणाला, "आगं, ते पाणी न्हाय..." तेवढ्यात मी पातेल्यावर झाकण असं आदळलं की पुढचं ऐकूच आलं नाही. आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तोही तुमच्यावर गेलाय, समजावत बसत नाही. मुकाट्यानं चहा पितो आणि कपबशी स्वतःची स्वतः विसळून ठेवतो. त्यानं जास्त राग येतो.

शेवटी सुनेनं सांगितलं. मी भाकऱ्या थापत होते, ती समोर तव्यावर होती. म्हणाली, "आई, हे मागं वर्षभर शेती शिकायला इस्राएलला गेले होते ना. तिथं हिब्रू बोलतात. त्या भाषेत नीर म्हणजे पाणी नाही. नीर म्हणजे नांगरलेलं रान. पडीक मोडून पहिल्यांदा नांगरलेलं, अजून काही न पेरलेलं. तिथं मुलांची नावं ठेवतात नीर, वस्त्यांच्या नावापुढंसुद्धा लावतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मातीकडं बोट दाखवून विचारलं, ह्याला काय म्हणता? तो शेतकरी म्हणाला, नीर. ह्यांना हसू आलं, म्हणाले आमच्याकडं नीर म्हणजे पाणी. मग दोघंही हसत बसले." माझी भाकरी हातातच राहिली. मी म्हटलं, "म्हंजे नांगरट?" "हो, नांगरटच." "आन आपल्यात पाणी." "आपल्यात पाणी." "मंग पोराचं नाव नेमकं काय धरायचं?" ती म्हणाली, "दोन्ही धरा." मी म्हटलं, "खाली नांगरलेलं रान आन वर पाणी? आगं, ते तर आमचं बुडालेलं पळसदेव झालं!" ती हसली. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबली. मग हळूच म्हणाली, "म्हणून तर ठेवलं, आई. तुम्हीच सांगितलेलं ना त्यांना, आबांनी पाणी यायच्या आधी रान नांगरलं ते."

आणखी एक ऐका, तुमच्या कामाचं. तिकडं पोरं बापाला आबा म्हणतात. हाक मारायचा तोच शब्द, तोच ढंग. लेकानं येताना तेवढा आणला आणि पोराला शिकवला. आता हे सव्वा वर्षाचं कार्टं माझ्या लेकाला दिवसभर आबा आबा करत असतं आणि दर वेळी मी वळून बघते.

मी लेकाला काय सांगितलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे, तुमच्याच घरातलं. धरणात पळसदेव जाणार म्हणून गाव उठायचं ठरलं. लोकांनी आढी, दारं, चौकटी काढून वरच्या अंगाला नेल्या. आपली सामानाची गाडी दोन खेपांत संपली, कारण आई गेल्यापासून आपल्या घरात नेण्यासारखं होतं काय, तुम्ही, मी आणि जातं. आणि सगळे पत्र्याच्या शेडी उभ्या करत होते तेव्हा तुम्ही बैल जुंपून खाली नदीकडं निघालात. चुलता बांधावर उभा राहून ओरडला होता, "आबाराव, माशांसाठी पेरनार व्हय?" लोक हसले. तुम्ही नांगराचा तास धरला होता, मान वर न करता म्हणालात, "पेरत न्हाय. नांगरतोय. पोरगी सासरी धाडताना येणी घालून धाडत न्हाय व्हय?" माझी वेणी तुम्हीच घालत होता तेव्हा. कासऱ्यासारखी पीळ देऊन, इतकी घट्ट की माझे डोळे वर ओढले जायचे आणि दिवसभर मी चकित झाल्यासारखी दिसायचे. पण भांग सरळ असायचा. तासही तसेच, या बांधापासून त्या बांधापर्यंत एका दोरीत. काळी ढेकळं, वर चमक, वास असा की खाऊन टाकावी माती. मग श्रावणात पाणी चढलं. मी संध्याकाळी बघायला गेले, तासांत पाणी शिरलं होतं, मी रडत रडत बांधावर आले, तुम्ही मला शेडीत घेऊन गेलात. एवढंच मी लेकाला शंभरदा सांगितलं. त्यानं त्यातली नांगरट उचलली आणि पोराचं नाव ठेवलं. चुकलं कुठं त्याचं? उगाच झाकण आदळलं मी.

तर आता मला कळलं, राग गेला, लेकाशी बोलणं सुरू झालं. मग नाव तोंडात यायला हवं की नाही? येत नाही. म्हशीला पाणी दाखवताना एकटीनं म्हणून बघते. निरगुडी म्हणता येतं. निरसं दूध म्हणता येतं. निरोप तर सहज येतो, जन्मभर दिला-घेतला. निरक्षरसुद्धा येतं, शिरगणतीचा माणूस विचारून विचारून तेच लिहून गेला, मी म्हटलं, बाबा, एवढं भारदस्त नाव मला कुणी दिलं न्हवतं. सून म्हणाली, त्यातलं निर् म्हणजे नसणं. घ्या. तिकडं रान, इकडं पाणी, आणि मधे काहीच नसणं. एवढं सगळं दोन अक्षरांत भरलं तर घशात अडकेल नाहीतर काय. हसू नका. मी तोंड उघडते, पहिलं अक्षर दातांपर्यंत येतं आणि मला तासांत भरलेलं पाणी दिसतं. म्हैस बघत राहते माझ्याकडं. तिला वाटतं, म्हातारी पाणी द्यायचं विसरली.

चैत्रात लेक म्हणाला, "आई, जायच्या आधी पोराला पळसदेव दाखवून आणू. ज्याचं नाव ठेवलंय ते बघू दे." यंदा पाणी लवकर उतरलं होतं. बारामतीवरून भिगवण, तिथून हायवेनं गेलो. जुनं देऊळ उघडं पडलं होतं, कमरेपर्यंत ओलं, वर बगळे. होडी ओढणारा एक म्हातारा भेटला. मी विचारलं, आमचं रान कुठशी आलं असंल. कुणाचं, काय, सगळं विचारून घेतलं त्यानं, मग पाण्याकडं हात केला. "त्ये अजून खालीच हाय, आक्का. पर तुमच्या वरच्या आंगाचं निघालंय बगा." त्या निघालेल्या गाळात कुणीतरी ट्रॅक्टरनं नांगरलं होतं, मका करायचा म्हणे. वारा सुटला की लाट यायची आणि कडेच्या चार-पाच तासांत पाणी भरून राहायचं. आबा, मी ते बघून खालीच बसले. लेक म्हाताऱ्याशी माशांचं बोलत लांब गेला. सून गाडीतून पोराचं टोपडं आणायला गेली. पोर माझ्याजवळ.

आणि ते निघालं. तासातून, पाणी उडवत, हसत, सरळ खोल अंगाला. तास सरळ होता, वाट दाखवल्यासारखा. मी उठायला गेले तर गुडघा धरला. दहा पावलं होती, पण ती तरण्या माणसाची दहा पावलं. हाक मारायची होती. ढमाल्या म्हटलं, चोरा म्हटलं. वाऱ्यात त्याला काही लागेना, आणि हातात लाडूही नव्हता. नाव घेतलं असतं तर वळला असता, मला माहीत होतं तो वळतो. तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं आणि थांबलं. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते त्याचं नाव नव्हतं. मी ओरडले, "आबा!"

मी कुणाला ओरडले ते मला विचारू नका. पोर मात्र थांबलं, मागं वळलं आणि त्याचा आबा कुठं दिसतो का बघू लागलं. तेवढ्यात मी गुडघ्याला शिव्या देत पाण्यात उतरले आणि त्याचं बखोट धरलं. लेक धावत आला, त्याला वाटलं मी त्यालाच हाक मारली, पण मग त्यानं विचारलं नाही की आई मुलाला आबा कशी म्हणेल. सून आली, तिनं एका नजरेत सगळं ओळखलं. पोराचे पाय पुसत बसली. मी मात्र पाण्यातच उभी. लेक म्हणाला, "आई, भाईर ये की." मी म्हटलं, येते. पण पाय निघेनात, आणि का निघेनात ते मला त्या घडीला कळलं. त्या दिवसापासून हे पत्र पोटात आहे.

आबा, लेकाला मी जी संध्याकाळ सांगितली ती तशी नव्हती. मी पाणी बघून रडले नव्हते. बारा वर्षांची होते. तासातासातून पाणी येत होतं, एकेक तास उजेडाचा होत होता, सगळं रान कुणी फणीनं विंचरल्यासारखं. मी परकर वर खोचला आणि आत उतरले. या तासातून त्या तासात उड्या मारल्या. तुम्ही बांधावर आलात. "पोरी," म्हणून हाक मारलीत. मला ऐकू आली होती. दुसरी मारलीत, तीही आली. तिसरी आली. मी पाठ फिरवूनच नाचत राहिले, कारण वळले असते तर बाहेर यावं लागलं असतं. चौथी हाक तुम्ही मारलीच नाही. बांधावर बसून राहिलात. मी मग आले, आणि तुमचं तोंड बघितलं तेव्हा रडायला लागले. ते रडणं खरं होतं, पण ते नंतरचं. तुम्ही रागावला नाहीत. माझ्या परकराचा घोळ हातात घेऊन पिळलात, वेणी पिळायचात तसाच. आणि रानाकडं बघत मला विचारलंत, "पाणी गार हाय का गं?"

मी म्हटलं, "लई गार हाय, आबा. पाय बधिरले."

तुम्ही मान हलवलीत. पुढं रानाच्या बदल्यात सुप्याकडच्या माळावर तुम्हाला खडकाची जमीन मिळाली, तिथं पाण्याच्या थेंबाची वाट बघत बसलात, मी सासरी कालव्याच्या पाण्यात आले, लेक पाळण्यात असताना तुम्ही गेलात, आणि या सगळ्यात तो विषय पुन्हा निघाला नाही. मी मात्र गावभर पाण्याला शिव्या देत हिंडले. इतक्या दिल्या की लोकांना वाटलं हिचं दुःख केवढं.

सुनेनं पेन थांबवलंय. विचारते, "आई, हे खरंच लिहू?" म्हटलं, लिही. बाकीचं तर तू शुद्ध केलंसच, एवढं तसंच राहू दे. आता ती पत्ता विचारते. सुपे घालावं तर तिथं आता दुसऱ्यांची घरं आहेत. पळसदेव घालावं तर पोस्टमनला पोहायला यायला हवं. ती म्हणाली, पाण्यात सोडू का? नको बाई, म्हटलं, आमचं आधीच बरंच गेलंय तिकडं. घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेव. परवा सकाळी सहाला गाडी येणार. मी दारात उभी राहणार, पोर काचेतून हात हलवणार, आणि मी काय म्हणून हाक मारीन ते मला आज, आत्ताही माहीत नाही. या कागदावर सुनेनं ते नाव किती वेळा लिहिलं, तेवढ्या वेळा मी फरशी वाजवली. बोटाचं टोक दुखतंय.

आता तेवढं एक राहिलं, ते सांगते आणि उठते, म्हशीचा वकूत झालाय. त्या दिवशी पळसदेवला पाय घातला आणि लगेच ओळखलं. पाणी गार नव्हतं, आबा. तेव्हाही नव्हतं. कोमट होतं, आणि मला बाहेर यायचं नव्हतं.